हाक ऐकणारं कुत्रं

पाळीव कुत्र्याला काय काय येतं असं विचारलं, की घरची माणसं कौतुकाने यादी सांगतात. पंजा देतो, ‘सिट’ म्हटलं की बसतो, पुढ्यात बिस्किट ठेवलं तरी सांगितल्याशिवाय खात नाही. हे सगळं छानच आहे. पण त्याच्या जिवाशी थेट संबंध असलेला प्रश्न वेगळा आहे. पट्टा सुटलेला असताना, समोरून मांजर पळत असताना तुम्ही हाक मारलीत, तर ते मागे फिरतं का? आपल्याकडे सोसायटीचं फाटक दिवसभर उघडं असतं, कुरिअरवाला आला की घराचं दार सताड उघडलं जातं आणि तिथून वाहता रस्ता काही पावलांवर असतो. हातातून पट्टा निसटण्याची वेळ बहुतेक घरांत कधी ना कधी येते. म्हणून शिकवायला सुरुवात ‘बस’पासून न करता ‘ये’पासून करा, असं मी आग्रहाने सांगेन.

कुत्रं हाकेला येत का नाही? आपण त्याला कशासाठी बोलावतो ते आठवून पाहा. आंघोळीसाठी, नखं कापण्यासाठी, कानात औषध घालण्यासाठी, चप्पल फाडली म्हणून रागावण्यासाठी. मैदानात खेळ रंगात आला की पट्टा अडकवून घरी नेण्यासाठी. हाकेमागून दर वेळी नकोसंच काही येत असेल, तर ती हाक टाळणं हे शहाणपणाचं वागणं झालं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये पिंजऱ्यात कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग केले आणि त्यातून एक नियम मांडला: ज्या कृतीचा शेवट सुखाचा होतो ती प्राणी पुन्हा करतो आणि जिचा शेवट त्रासाचा होतो ती हळूहळू सोडून देतो. पुढे बी. एफ. स्किनर यांनी याच पायावर शिकण्याचं शास्त्र उभं केलं. आजचं सगळं चांगलं श्वान-प्रशिक्षण याच साध्या नियमावर चालतं.

तेव्हा घरात पहिला ठराव असा करा: ‘ये’ म्हणून बोलावल्यावर कुत्र्याच्या वाट्याला नावडतं काहीही येणार नाही. आंघोळ घालायची असेल तर तुम्ही उठा, त्याच्यापाशी जा आणि त्याला घेऊन या. मैदानातून घरी न्यायचं असेल, तर आधी दहा वेळा हाक मारून, खाऊ देऊन पुन्हा खेळायला सोडा, म्हणजे पट्टा अडकवण्याची अकरावी वेळ त्याला जाचणार नाही. पळून गेलेलं कुत्रं अर्ध्या तासाने परत आलं आणि तुमचा संताप अनावर झाला असला, तरी त्याचं स्वागतच करा. त्या क्षणी दिलेला मार पळून जाण्याला लागू होत नाही, तो परत येण्याला लागू होतो. पुढच्या वेळी ते दोन तास येणार नाही.

सराव दिवाणखान्यातून सुरू करा. खिशात उकडलेल्या चिकनचे, पनीरचे किंवा उकडलेल्या अंड्याचे तुकडे ठेवा, हरभऱ्याच्या दाण्याएवढे. त्याहून मोठे नकोत. रोजच्या खाऊचा वाटा एकूण आहाराच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नका आणि तेवढं जेवण कमी करा. नैवेद्याच्या शिऱ्यातला बेदाणा, पोह्यांतला कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेला बिनसाखरेचा च्युइंगम या गोष्टी कुत्र्याला विषारी आहेत. प्रेमाने घास भरवणाऱ्या आजी-आजोबांना हे आवर्जून सांगा.

मग पहिल्या दिवशी तीन-चार पावलांवरून, आनंदी आवाजात, नाव घेऊन एकदाच ‘ये’ म्हणा. आलं की लगेच खाऊ, मानेखाली खाजवणं आणि ‘जा, खेळ’. घरातल्या दोघांनी पॅसेजच्या दोन टोकांना बसून आळीपाळीने बोलावलं तर हाच खेळ होतो आणि मुलांनाही त्यात घेता येतं. घरात हाकेला न चुकता येऊ लागलं, की मोकळ्या मैदानात जा, पण आठ-दहा मीटरची हलकी दोरी छातीच्या पट्ट्याला बांधूनच. दोरी जमिनीवर लोळत राहू द्या. ती ओढून आणण्यासाठी नाही, फक्त पळून जाता येऊ नये म्हणून आहे. हाक मारून आलं नाही तर चार वेळा ओरडू नका. चार वेळा ओरडलं की ‘पहिल्या तीन हाका सोडून द्यायच्या’ हेच ते शिकतं. काम त्याच्या आजच्या कुवतीपेक्षा अवघड झालं असं समजा, जवळ जा आणि अंतर कमी करून पुन्हा करा. आणि खरोखर निसटून पळालंच, तर मागे धावू नका. त्याला तो शिवाशिवीचा खेळ वाटतो. पाठ फिरवून उलट दिशेला पळा, टाळ्या वाजवा, खाली बसा. बहुतेक कुत्री वळून पाहतात आणि तुमच्यामागे येतात.

यात घरोघरी चुकणारी गोष्ट म्हणजे वेळ. बक्षीस कृतीनंतर सेकंदभरात मिळायला हवं. कुत्रं बसलं, तुम्ही खिसा चाचपला, पिशवीची गाठ सोडली आणि तोवर ते उठून उभं राहिलं. आता दिलेला तुकडा उठण्याबद्दलचा झाला. यावर उपाय म्हणून प्रशिक्षक क्लिकर नावाची टकटक वाजणारी छोटी डबी वापरतात. कॅरन प्रायर यांनी १९६०च्या दशकात हवाईमध्ये डॉल्फिनना शिट्टीच्या खुणेवर शिकवलं. पाण्यात पोहणाऱ्या प्राण्याच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, त्याला ओढता येत नाही, तेव्हा नेमका क्षण खुणेने दाखवून मग मासा द्यायचा. हीच रीत पुढे कुत्र्यांसाठी रुळली. क्लिकर नसला तरी बिघडत नाही. ‘हां!’ असा एकच छोटा शब्द ठरवा. काही दिवस नुसतं ‘हां’ म्हणून खाऊ द्या, म्हणजे त्या आवाजाचा अर्थ कळेल. नंतर ढुंगण जमिनीला टेकलं त्याच क्षणी ‘हां’ म्हणा. खाऊ दोन सेकंदांनी मिळाला तरी चालेल.

‘बस’ शिकवायला पाठीवर दाब देऊ नका. पिल्लाच्या कंबरेला त्याने इजा होऊ शकते, आणि दाबलं की प्राणी उलट जोर लावतो. खाऊ नाकाशी धरा आणि डोक्यावरून मागे न्या. नाक वर गेलं की मागचा भाग आपोआप खाली जातो. दोन-चारदा झालं की खाऊ हातात न घेता नुसता हात तसाच फिरवा आणि बसल्यावर खिशातून द्या, नाहीतर हातात काही दिसल्याशिवाय बसायचं नाही असा त्याचा समज होतो. शब्द सगळ्यात शेवटी जोडायचा: हात हलवण्याच्या जरा आधी ‘बस’. कुत्र्यांना आपल्या शब्दांपेक्षा आपल्या हालचाली लवकर कळतात, म्हणून हाताची खूण कायम ठेवा. म्हातारपणी कान गेले की तिचाच आधार उरतो.

शब्द कोणते निवडता याने फरक पडत नाही. घरात सगळ्यांनी तेच वापरावेत याने पडतो. मुलगी ‘सिट’ म्हणते, आजी ‘बैस रे’ म्हणते, बाबा नुसतं बोट दाखवतात आणि कामाला येणाऱ्या मावशी ‘हट’ म्हणतात. त्या बिचाऱ्याने काय समजायचं? पाच-सहा शब्दांची यादी कागदावर लिहून फ्रिजवर लावा: ये, बस, थांब, सोड, जागेवर. तीच गोष्ट नियमांची. सोफ्यावर चढायचं नाही असं ठरलं असेल तर रविवारीही चढायचं नाही. जेवताना ताटातलं कुणी एकानेही दिलं, की ताटाशी भीक मागणं पक्कं झालं. अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय सर्वांत घट्ट करतं, हे स्किनर यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे. आजोबांचा आठवड्यातून एक पोळीचा तुकडा बाकीच्यांचा सहा दिवसांचा निर्धार पुसून टाकतो.

आणखी एक गोष्ट मालकांना गोंधळात टाकते. घरात शहाण्यासारखं बसणारं कुत्रं जिन्यात ऐकत नाही. ते मुद्दाम करत नसतं. कुत्र्याच्या लेखी दिवाणखान्यातलं ‘बस’ आणि लिफ्टसमोरचं ‘बस’ हे दोन निराळे धडे आहेत. प्रत्येक नव्या जागी धडा पहिल्यापासून, पण भराभर गिरवावा लागतो. अंतर, वेळ आणि आजूबाजूची गडबड या तीनपैकी एकच गोष्ट एका वेळी वाढवा. लिफ्टचा सराव वेगळा करा. कोपऱ्यात तोंड तुमच्याकडे करून बसवायचं आणि दार उघडलं की आधी माणसांना जाऊ द्यायचं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण सूचना दाखवून शेजाऱ्याची भीती जात नाही. लिफ्टमध्ये शांत बसलेलं कुत्रं रोज दिसलं की ती कमी होते.

आता माराबद्दल. मार, गळ्याला आवळणारी साखळी, काट्यांचा पट्टा, विजेचा झटका देणारा पट्टा यांच्या बाजूने बोलणारे नेहमी लांडग्यांचा दाखला देतात: कळपात एक म्होरक्या असतो, तो धाकात ठेवतो, म्हणून माणसाने म्होरक्या व्हावं. हा समज रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या निरीक्षणांपर्यंत मागे जातो. ते लांडगे बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ही कल्पना जगभर पोचवली. पुढे त्याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे म्होरकेपणासाठी हाणामारी चालत नाही. ज्याने कल्पना लोकांपर्यंत नेली त्यानेच ती मागे घेतली, तरी आपल्याकडे काही प्रशिक्षक अजून कुत्र्याला उताणं पाडून ‘बॉस कोण’ ते दाखवतात. हे थांबायला हवं.

मारामुळे काहीच साधत नाही असं मी म्हणत नाही. कुत्रं दबतं, गप्प होतं. पण भीतीने गप्प झालेलं आणि शिकलेलं, यांतला फरक बाहेरून सहज दिसत नाही. पोर्तुगालमध्ये पोर्तोच्या संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास करून २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत तणावाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, वाढलेलं आढळलं. वेल्समध्ये विजेच्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. गुरगुरण्याला शिक्षा करणं तर सर्वांत घातक. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली सूचना असते: मला त्रास होतोय, लांब व्हा. ती सूचना मारून बंद केली, तर पुढच्या वेळी ते न गुरगुरता चावतं आणि लोक म्हणतात, ‘काही कारण नसताना चावलं.’ गुरगुरलं की थांबा, मुलाला बाजूला घ्या आणि कशाने गुरगुरलं ते शोधा. जेवताना गुरगुरत असेल तर भांडं हिसकावू नका. आधी लांबून जाता जाता एखादा चिकनचा तुकडा त्याच्याकडे टाकून पुढे जा, मग अनेक दिवसांत अंतर थोडं थोडं कमी करा. माणूस जवळ आला की चांगलं काही वाढतं, हे त्याला कळू द्या. ‘सोड’सुद्धा असंच: तोंडातल्या मोज्याच्या बदल्यात त्याहून चांगलं काही.

घरात शू केल्यावर नाक घासण्याची जुनी पद्धतही सोडा. आपण तासाभराने शिक्षा करतो, कुत्र्याला मागचं आठवून जोडता येत नाही. ‘पण त्याला कळतं, चेहरा बघा ना कसा अपराधी करतो,’ असं सगळे म्हणतात. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासलं. चूक केलेली असो वा नसो, मालक रागावला की कुत्र्यांचा चेहरा ‘अपराधी’ होतो, असं त्यांना दिसलं. तो चेहरा तुमच्या रागाला दिलेलं उत्तर आहे. पिल्लू उठलं, जेवलं, खेळून थांबलं की लगेच बाहेर न्या आणि तिथेच, काम झाल्या क्षणी खाऊ द्या. तीन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी तीन-चार तासांपेक्षा जास्त धरून ठेवता येत नाही. घरातला डाग एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसा. वास राहिला की तीच जागा ठरते. फिनेल नको, कुत्री फरशी आणि पाय चाटतात आणि ते त्यांना अपायकारक आहे.

फिरायला नेताना कुत्रं ओढतं कारण ओढल्याने ते पुढे पोचतं. पट्टा ताणला की थांबा. सैल झाला की चाला. पहिल्या आठवड्यात गल्लीच्या टोकापर्यंतही जाणं होणार नाही, तरी धीर धरा. रोज दूरवर चालवण्यापेक्षा हा आठवडा मोलाचा आहे. मार्च ते मे, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, पहाटे किंवा रात्रीच बाहेर काढा. हाताची उलटी बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवता आली नाही, तर कुत्र्याचे पायही टेकू नयेत.

परदेशी पुस्तकांत नसलेली आपली अडचण म्हणजे रस्त्यावरची कुत्री. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते. ती चार दिवस बारकाईने पाहा आणि रस्ता त्याप्रमाणे ठरवा. समोरून कुत्री दिसली की आपण नकळत पट्टा आवळतो, श्वास रोखतो आणि आपल्या कुत्र्याला तोच धोक्याचा इशारा होतो. त्याऐवजी शांत वेळी ‘चल, वळ’ म्हणून उलट फिरण्याचा खेळ शिकवून ठेवा. तीच सवय कामाला येते. अंगावर येतीलसं वाटलं तर खिशातला खाऊ मूठभर त्यांच्यापुढे पसरून टाका आणि निघा. दगड उचलू नका. रोज जाणारे तुम्हीच आहात, त्यांच्याशी वैर परवडणारं नाही. तुमचं कुत्रं देशी असेल, तर ही भाषा त्याला आधीच उत्तम कळते. देशी कुत्री शिकत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी ती रहदारीचा रस्ता कसा ओलांडतात ते एकदा थांबून बघावं.

दारावरची घंटा आणि पाहुण्यांच्या अंगावर उड्या, यांवर एकच उपाय पुरतो. जुनी सतरंजी घडी करून कोपऱ्यात टाका, ती त्याची ‘जागा’. तिथे जाऊन बसलं की खाऊ. मग घंटेचा आवाज मोबाइलवर हळू वाजवून सराव, मग मोठ्याने, मग खरी घंटा. उड्या मारताना ढकलणं, ओरडणं हेही त्याला लक्ष दिल्यासारखंच वाटतं. पाठ फिरवा. सुरुवातीला उड्या वाढतील, कारण नेहमीचा उपाय चालत नाही म्हणून ते जास्त जोर लावतं. त्या दोन-चार दिवसांत हार मानलीत तर जास्त जोराने उडी मारायची हे शिकवलंत.

पिल्लू नुकतंच आणलं असेल तर एक घाई मात्र कराच. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बर इथे कुत्र्यांच्या वाढीचा दीर्घ अभ्यास करून १९६५ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जे ओळखीचं होतं, त्याची भीती पुढे कमी वाटते. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये, म्हणजे तुमच्या हाती महिना-दीड महिनाच उरतो. लसीकरण पुरं होईपर्यंत रस्त्यावर, अनोळखी कुत्र्यांत जमिनीवर सोडू नका. पण कडेवर घेऊन जग दाखवा: कुकरची शिट्टी, हेल्मेट घातलेला माणूस, उघडणारी छत्री, काठी टेकत येणारे आजोबा, लांबून ऐकू येणारा ढोल-ताशा. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर एक घास. ते घाबरलं तर लांब जा, बळेच पुढे नेऊ नका.

आणि सगळं नीट जमलेलं असताना सात-आठ महिन्यांचं कुत्रं अचानक बहिरं झाल्यासारखं वागलं, तर खचू नका. न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की आठ महिन्यांच्या वयात कुत्री मालकाचं कमी ऐकतात, अनोळखी माणसाचं मात्र ऐकतात. हे वयात येणं आहे आणि ते सरतं. या काळात दोरी पुन्हा बांधा, खाऊ वाढवा, सराव सोपा करा. मात्र मोठ्या, शिकलेल्या कुत्र्याने एकाएकी बसायला, उठायला किंवा जिना चढायला नकार दिला, तर आधी पशुवैद्याकडे न्या. हट्टामागे बऱ्याचदा कंबरेचं, सांध्यांचं किंवा कानाचं दुखणं निघतं.

प्रशिक्षक ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण सकाळी तासभर त्याच्या हवाली करून आत जाऊ नका. तसं शिकलेलं कुत्रं त्याचंच ऐकतं. त्याने शिकवायचं ते तुम्हाला. पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा: कुत्र्याने बरोबर केलं तर काय देता, चुकलं तर काय करता आणि घाबरलं तर काय करता. गळ्याची साखळी बरोबर आणली असेल तर नम्रपणे परत पाठवा. आणि दोन-तीन भेटींनंतर त्याची चाहूल लागताच कुत्रं शेपूट पोटाशी घेऊन पलंगाखाली शिरत असेल, तर महिन्याचे पैसे आधी दिलेले असले तरी त्याच दिवशी शिकवणी बंद करा.